विश्लेषण : गायकाच्या पायाशी असलेले पेडल नेमके काय करते? त्यातून निघालेला आवाज ‘लाइव्ह’ म्हणायचा का?

जून २०१७ मध्ये ब्रिटनमधील ग्लास्टनबरी महोत्सवाच्या मुख्य मंचावर गायक एड शीरन एकटाच उभा होता. हातात गिटार, समोर माइक आणि पायाशी एक पेडल. तरीही ठेका, गिटारचे थर आणि त्याच्याच आवाजातील कोरस असे सगळे ऐकू येत होते. कार्यक्रम दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या काही जणांनी लगेच समाजमाध्यमांवर आरोप केला, की हे आधीच ध्वनिमुद्रित केलेले आहे. आपण जे काही करतो ते मंचावरच घडते, असा खुलासा शीरनला जाहीरपणे करावा लागला. पायाखालच्या या यंत्राविषयीचा गैरसमज तेव्हापासून कमी झालेला नाही. हे यंत्र गायकाला काय देते, दौऱ्यावर त्याची जोडणी कशी करतात आणि श्रोत्याची फसवणूक नेमकी कुठे सुरू होते, याचा आढावा.

शीरनच्या पायाशी काय होते?

ते होते ‘लूप स्टेशन’. गायक चार मात्रांचा एक तुकडा वाजवतो किंवा गातो, पेडल दाबतो, आणि तो तुकडा फिरून फिरून वाजू लागतो. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. काही मिनिटांत एकट्या माणसाचा वाद्यवृंद उभा राहतो. गाणे संपले की सगळे पुसले जाते आणि पुढच्या गाण्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. म्हणजे तुकडा ध्वनिमुद्रित असतो हे खरे. पण तो त्याच मंचावर, श्रोत्यांच्या समोर, काही क्षणांपूर्वी मुद्रित झालेला असतो.

यातील जोखीम बाहेरून दिसत नाही. पहिला तुकडा संपताना पाय किंचित उशिरा पडला, तर लय कायमची लंगडते. कारण पुढचे सगळे थर त्याच तुकड्यावर रचायचे असतात. एक बेसूर जागा एकदा मुद्रित झाली की ती दर फेरीला पुन्हा ऐकू येते. मुंबईकरांनी हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला आहे. शीरनचे कार्यक्रम २०१७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात आणि मार्च २०२४ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर झाले.

त्याआधी २००४ मध्ये स्कॉटलंडची गायिका केटी टनस्टॉल हिने बीबीसीच्या जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात एकटीने, लूप पेडलच्या साहाय्याने गाणे सादर केले होते. त्या एका सादरीकरणाने तिचे नाव घरोघरी पोहोचले आणि पेडल ही केवळ गिटारवादकाची वस्तू नाही, हेही अनेकांच्या लक्षात आले.

व्होकल इफेक्ट्स पेडल म्हणजे काय?

लूप हे या पेडलचे एक काम झाले. गायकांसाठी बनवलेल्या पेडलमध्ये साधारण पाच-सहा कामे एकत्र असतात : आवाजाची पातळी सांभाळणे, घुमारा देणे, प्रतिध्वनी देणे, सूर नीट करणे, एका आवाजातून दोन-तीन आवाज तयार करणे आणि तुकडे फिरवत ठेवणे. बॉस, टीसी-हेलिकॉन यांसारख्या कंपन्या अशी पेडले बनवतात. एका पायाने दाबता येईल अशा लहान डबीपासून डझनभर बटणे असलेल्या फळीपर्यंत त्यांचे आकार असतात.

ही सगळी कामे साउंड इंजिनीअरच्या मिक्सरवरही होऊ शकतात. मग गायकाने वेगळे ओझे का वाहायचे? याचे उत्तर दौऱ्यात आहे. मोठ्या कलाकाराबरोबर स्वतःचा इंजिनीअर, स्वतःचा मिक्सर असतो. बाकीच्यांना आज या गावात, उद्या त्या गावात, तिथला साउंडवाला आणि तिथलीच यंत्रणा मिळते. कुठल्या गाण्याच्या कुठल्या ओळीवर प्रतिध्वनी हवा आणि कुठल्या शब्दावर तो बंद व्हायला हवा, हे त्या माणसाला अर्ध्या तासाच्या साउंड चेकमध्ये सांगणे अवघड असते. पेडलमुळे हा निर्णय गायकाच्या पायाशी येतो. मिक्सर बदलला, माणूस बदलला तरी आवाजाची घडण बरीचशी तीच राहते.

हे तंत्र आले कुठून?

वाट टेलिफोनपासून सुरू होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांनी ‘व्होकोडर’ विकसित केला, तो गाण्यासाठी नव्हे. बोलण्यातील आवश्यक तेवढीच माहिती तारेवरून पाठवता यावी, यासाठी. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या गुप्त दूरध्वनी यंत्रणेत हे तंत्र वापरले गेले. संगीतकारांनी ते नंतर उचलले आणि माणसाच्या उच्चारांना वाद्याचा नाद देणारा ‘यंत्रमानवी’ आवाज लोकप्रिय झाला.

प्रतिध्वनीचे यंत्र टेपवर चाले. रोलँड कंपनीच्या १९७४ च्या ‘स्पेस एको’ यंत्रात टेपचे वेटोळे फिरत राही. एका ठिकाणी आवाज मुद्रित होई आणि थोडा पुढे तो वाचला जाई. त्या दोन जागांतील अंतर हाच प्रतिध्वनीचा विलंब. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या इव्हेंटाइड कंपनीच्या ‘एच ९१०’ने आवाजाची पट्टी तत्क्षणी वरखाली करण्याचे काम डिजिटल पद्धतीने केले.

तिसरा धागा तेलाच्या शोधातून आला. भूगर्भातील तेलसाठे शोधण्यासाठी भूकंपलहरींचे विश्लेषण करणारे अँडी हिल्डेब्रँड यांनी तेच गणित माणसाच्या सुराला लावले आणि १९९७ मध्ये ‘ऑटो-ट्यून’ आले. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ गाण्यात सूर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारल्यासारखा ऐकू आला. ही किमया व्होकोडरची असल्याचे निर्मात्यांनी सुरुवातीला सांगितले होते, इतके ते गुपित मोलाचे वाटत होते. २००५ मध्ये इमोजेन हीप या ब्रिटिश गायिकेने ‘हाइड अँड सीक’ हे गाणे जवळपास केवळ आवाज आणि एका हार्मनी यंत्रावर उभे केले. ती की-बोर्डवर स्वर दाबत गेली आणि यंत्र तिच्या आवाजाचे त्या स्वरांतील थर तयार करत गेले. आज हे सगळे एका पेडलमध्ये मावते.

गिटारचे पेडल गायकाला का चालत नाही?

नव्या गायकांची पहिली चूक हीच असते : मित्राचे गिटार पेडल घ्यायचे आणि माइक त्यात खुपसायचा. माइकमधून येणारा विद्युतसंकेत फार क्षीण असतो. १९६६ पासून जगभरच्या मंचांवर दिसणारा शुअर कंपनीचा ‘एसएम ५८’ घेतला, तरी सर्वसाधारण आवाजाला तो एक-दोन मिलिव्होल्टच्या घरात संकेत देतो. गिटारचा संकेत त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. शिवाय माइकची केबल तीन टोकांची, तर गिटारची दोन टोकांची. तीन टोकांच्या जोडणीत दोन तारांतून एकच संकेत उलटसुलट जातो आणि वाटेत शिरलेला गुणगुणाट दुसऱ्या टोकाला वजा होतो. म्हणूनच माइकची केबल मंचावर लांबवर नेता येते.

गायकाच्या पेडलमध्ये यासाठी माइकचा खास प्रीअँप असतो. कंडेन्सर प्रकारचा माइक असेल, तर त्याला लागणारी ४८ व्होल्टची ‘फँटम पॉवर’ही अशी बरीच पेडले पुरवतात. गिटारचेच एखादे पेडल हवे असेल, तर मध्ये संकेताची पातळी जुळवणारी वेगळी डबी लावावी लागते. ती नसेल तर आवाज एकतर बारीक, सुरसुरणारा येतो किंवा फाटतो.

पेडलच्या आत आवाजाचा प्रवास कसा होतो?

क्रमाला येथे महत्त्व आहे. पहिला टप्पा ‘गेट’चा. गायक गात नसताना माइकमध्ये ड्रमचा आवाज शिरतो. गेट तो दरवाजा बंद करतो. पुढच्या टप्प्यांसाठी हे गरजेचे असते, कारण सूर ओळखणाऱ्या यंत्रणेला गायकाच्या आवाजात ड्रम आणि बास मिसळून मिळाले की ती गोंधळते.

दुसरा टप्पा ‘इक्यू’चा, म्हणजे खर्ज आणि तीव्र भाग कमीजास्त करण्याचा. माइक ओठांजवळ आला की खर्ज फुगतो. तो येथे कापला जातो. तिसरा ‘कम्प्रेसर’. कुजबुज आणि आरोळी यांतील अंतर तो कमी करतो, त्यामुळे हळू म्हटलेला शब्दही वाद्यांच्या वर राहतो.

चौथा टप्पा सुराचा. यंत्र आवाजाच्या लहरीचा आवर्तनकाळ मोजते, जवळचा स्वर कोणता ते ठरवते आणि आवाज तिकडे सरकवते. सरकवण्याचा वेग हळू ठेवला तर कुणाला कळत नाही. अतिशय जलद ठेवला तर ‘बिलीव्ह’सारखा तुटक परिणाम मिळतो. याच टप्प्यावर हार्मनीही तयार होते. टेप जलद फिरवली की आवाज कार्टूनमधल्या पात्रासारखा होतो. तसे होऊ नये म्हणून पट्टी बदलताना घशाच्या आणि तोंडाच्या पोकळीचा अनुनाद मूळ जागी ठेवला जातो. काही पेडले गायकाच्या गिटारचा संकेतही घेतात आणि त्यातील कॉर्ड ओळखून हार्मनी बदलतात.

शेवटी डीले आणि रीव्हर्ब, म्हणजे प्रतिध्वनी आणि घुमारा. प्रतिध्वनी लयीत बसवायचा साधा हिशेब आहे : ६० हजारला गाण्याच्या मिनिटाला असलेल्या ठोक्यांनी भागायचे. १२० च्या लयीत एका ठोक्याचे ५०० मिलिसेकंद, १०० च्या लयीत ६००. तेवढाच विलंब दिला की प्रतिध्वनी ठेक्यावर पडतो. हिशेब नको असेल, तर ‘टॅप’ बटण पायाने लयीत दोन-तीनदा दाबले तरी भागते.

या साऱ्या गणिताला काही मिलिसेकंद लागतात. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे तीन मिलिसेकंदांचा विलंब स्पीकर एक मीटर लांब ठेवण्यासारखा. तो खटकत नाही. मात्र कानात इअरफोन घालून गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हाडांतून तत्काळ आणि इअरफोनमधून किंचित उशिरा ऐकू येतो. हे अंतर वाढले की आवाज पोकळ वाटू लागतो.

दौऱ्यावरची जोडणी कशी असते?

मूळ साखळी सोपी आहे : माइक, पेडल, मिक्सर. गुंतागुंत तपशिलात आहे.

माइक वायरलेस असेल तर त्याचा रिसीव्हर बहुतेक ठिकाणी मिक्सरजवळ ठेवलेला असतो. पेडल वापरायचे तर तो मंचावर, गायकाजवळ यायला हवा. त्यातून केबल पेडलमध्ये आणि पेडलमधून मिक्सरकडे. हे आधी कळवले नाही, तर कार्यक्रमाच्या दिवशी शोधाशोध होते. पेडलकडे येणाऱ्या मिक्सरच्या चॅनेलवर फँटम पॉवर चालू नाही ना, हेही विचारून घ्यावे लागते.

मिक्सरकडे एकच वाहिनी न देता दोन देणे अधिक सुरक्षित. एकीवर कोरा आवाज, दुसरीवर केवळ इफेक्ट. इंजिनीअरला मग सभागृहानुसार दोन्हींचे प्रमाण बदलता येते. दुसऱ्या वाहिनीवरही कोरा आवाज सोडला, तर एकच आवाज काही मिलिसेकंदांच्या फरकाने दोनदा पोहोचतो आणि नळीतून आल्यासारखा ऐकू येतो. त्यामुळे दुसऱ्या वाहिनीवर इफेक्टशिवाय काही नको.

गाण्यांचे साचे, म्हणजे प्रीसेट, कार्यक्रमातील क्रमानेच लावलेले असतात. पुढच्या गाण्यासाठी एकदा पाय दाबायचा, इतकेच. अंधारात खाली वाकून पडदा वाचत बसणारा गायक श्रोत्यांपासून तुटतो. साच्यांची प्रत लॅपटॉपवर किंवा फोनवर ठेवलेली असते. पेडल हरवले तरी भाड्याच्या त्याच मॉडेलमध्ये ती भरता येते.

वीज हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. भारतात २३० व्होल्ट, अमेरिकेत १२० व्होल्ट. त्यामुळे १०० ते २४० व्होल्टवर चालणारा अ‍ॅडाप्टर हवा. पेडलला किती व्होल्ट, किती करंट आणि कोणत्या ध्रुवाचा पिन लागतो, हे अ‍ॅडाप्टरवर तपासायचे. दिसायला सारखा अ‍ॅडाप्टर चुकीचा निघाला तर पेडल जळू शकते. जनरेटरवर चालणाऱ्या मैदानी कार्यक्रमात वीज क्षणभर गेली, तरी डिजिटल पेडल पुन्हा सुरू व्हायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ माइक मुका. म्हणून काही जण पेडलसाठी लहान यूपीएस बाळगतात. विमानप्रवासात लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या सामानात टाकता येत नाहीत. त्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात.

आणि शेवटचा नियम : एक जादा केबल कायम मोकळी ठेवायची. पेडल बंद पडले, तर माइक थेट मिक्सरला जोडून गाणे पुढे जायला हवे.

मैदानात आणि बंद सभागृहात फरक का पडतो?

आपल्याकडे ‘थोडा इको वाढवा’ ही मंचावरची परिचित सूचना आहे. जत्रेतल्या ऑर्केस्ट्रापासून भजनी मंडळापर्यंत ती ऐकू येते. गणेशोत्सवातील मोकळ्या मैदानात भिंती नसतात, आवाज परतत नाही, गायकाला तो कोरडा वाटतो. तेथे घुमारा वाढवणे समजण्यासारखे आहे. तोच साचा बंद, मोठ्या सभागृहात वापरला, तर सभागृहाचा स्वतःचा घुमारा आणि पेडलचा घुमारा एकमेकांवर चढतात. पहिल्या रांगेला गाणे कळते, शेवटच्या रांगेला शब्द कळत नाहीत.

मैदानातही एक सापळा असतो. समोर ५० मीटरवर इमारतींची रांग असेल, तर आवाज तिथे जाऊन परत यायला सुमारे ०.३ सेकंद लागतात. हा फुकटचा प्रतिध्वनी असतो, आणि तो गाण्याच्या लयीशी जुळेलच असे नाही. अशा ठिकाणी पेडलचा प्रतिध्वनी कमी ठेवणे शहाणपणाचे.

दुसरी अडचण शिट्टीची. मंचावरच्या स्पीकरमधून आलेला आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून स्पीकरमधून येतो आणि हे चक्र सुरू राहिले की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. कम्प्रेसर हळू आवाज उचलतो. म्हणजे जितके डेसिबल तो उचलेल, तितकी शिट्टी जवळ येते. घरी इअरफोनवर सुंदर वाटणारा साचा मंचावर शिट्टी मारतो, तो यामुळेच. उपाय साधे आहेत : कम्प्रेसर कमी, माइक ओठांजवळ आणि मंचावरचा स्पीकर माइकच्या ‘बहिऱ्या’ बाजूला. ‘एसएम ५८’सारख्या माइकची बहिरी बाजू बरोबर मागे असते, अधिक अरुंद दिशेचे आवाज घेणाऱ्या सुपरकार्डिऑइड माइकची ती मागच्या दोन कोपऱ्यांत असते. माइक बदलला तर स्पीकरही हलवावा लागतो.

रागसंगीतावर आधारलेल्या गायकीला हे चालते का?

येथे मात्र जपून पावले टाकावी लागतात. पेडलमधील सूर नीट करणारी यंत्रणा सहसा बारा समान भागांत वाटलेल्या सप्तकावर चालते. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो या मोजपट्टीवरच्या शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शाने, उतरलेला असतो. गायकाने तानपुऱ्याशी मिळवून नेमका लावलेला गांधार यंत्राला ‘चुकलेला’ वाटतो आणि ते तो वर ढकलते. दरबारीतील आंदोलित कोमल गांधार, मींड, गमक यांत तर स्वर एका जागी थांबतच नाही. यंत्र त्याच्या पायऱ्या करून टाकते. अभंग किंवा नाट्यपद गाताना हा टप्पा पूर्ण बंद ठेवलेला बरा.

हार्मनीचेही तसेच. समजा, गाणे भूप रागावर आहे : सा, रे, ग, प, ध. यंत्राला नेहमीचे शुद्ध स्वरांचे सप्तक देऊन एक स्वर सोडून वरची हार्मनी मागितली, तर ‘सा’वर ‘ग’ येतो, ‘ग’वर ‘प’ येतो, तोवर सगळे गोड. ‘रे’ लावला की यंत्र ‘म’ लावते आणि ‘प’ लावला की ‘नि’. भूपात वर्ज्य असलेले दोन्ही स्वर गायकाच्याच आवाजात ऐकू येतात. काही पेडलांत स्वतःचे सप्तक भरता येते. ती सोय असेल तरच या वाटेला जावे.

पट्टीचा हिशेबही ध्यानात ठेवावा लागतो. आपल्याकडे ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ असे सांगतात. पेडलवर त्यासाठी अनुक्रमे ‘सी शार्प’ आणि ‘एफ’ निवडावे लागते. दौऱ्यात घसा बसला म्हणून गायकाने ऐनवेळी काळी दोनऐवजी काळी एक घेतली, तर पेटीवाला क्षणात बदलतो, पेडल बदलत नाही. साच्यातली पट्टी तीच राहिली, तर यंत्र काही स्वर चुकीच्या जागी नेऊन ठेवते. सूर सावरण्यासाठी घेतलेले साधनच बेसूर करते.

घशाला पेडलचा फायदा होतो का?

होतो, पण वेगळ्या कारणाने. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच वैद्यक एतियेन लोंबार यांनी १९११ मध्ये हे नोंदवले आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले. मंचावर ड्रमच्या शेजारी उभ्या गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल, तर तो ओरडतो आणि दौऱ्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी घसा जाब विचारतो. आपला आवाज नीट घडवून, थोड्या घुमाऱ्यासह कानात येत असेल, तर जोर कमी लावावा लागतो. एकट्याने गाताना कोरसच्या ओळीही ओढून गाव्या लागत नाहीत.

धोका उलट बाजूने आहे. सूर नीट करणारे यंत्र चालू असले की थकलेला घसाही बाहेर बरा ऐकू येतो आणि गायक विश्रांती पुढे ढकलतो. यंत्र सूर हलवू शकते. सुजलेल्या स्वरतंतूंचा घोगरेपणा, तुटणारा श्वास ते दुरुस्त करत नाही. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायलाच हवे.

मग याला ‘लाइव्ह’ म्हणायचे का?

तिकीट काढून आलेल्या श्रोत्याचा हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर यंत्राच्या नावात नाही. फरक शोधायची एक साधी कसोटी आहे : गायकाने गाणे थांबवले, तर आवाज थांबतो का? घुमारा, प्रतिध्वनी, हार्मनी, सूर नीट करणे या सगळ्यांना त्या क्षणीचा आवाज लागतो. गायक गप्प झाला की तेही विरतात. लूप चालू राहतो, पण त्याचा जन्म श्रोत्यांसमोर झालेला असतो. आधी स्टुडिओत तयार केलेला ट्रॅक मात्र गायक असो वा नसो, वाजतच राहतो. ओठ हलवणे तेथून सुरू होते.

सूर नीट करणाऱ्या यंत्राची जागा या दोन्हींच्या मध्ये आहे. ‘बिलीव्ह’सारखा उघड वापर हा रंग आहे, कुणी त्याला नैसर्गिक आवाज समजत नाही. लपून केलेला वापर मात्र गायकाच्या तयारीविषयी श्रोत्याला चुकीची खात्री देतो. मैफलीत जेथे सुराची नेमकी जागा हेच ऐकायचे असते, तेथे हा प्रश्न अधिक टोकदार होतो. नृत्यासह होणाऱ्या पॉप कार्यक्रमात श्रोत्याची अपेक्षा निराळी असते. कोठे काय चालते, याचा सर्वमान्य नियम नाही. पण गायकाने विचारल्यावर सांगण्याची तयारी ठेवावी, एवढे तरी अपेक्षित आहे. शीरनने ग्लास्टनबरीनंतर नेमके तेच केले.

नव्या गायकाने सुरुवात कुठून करावी?

सगळ्यात मोठे पेडल घेऊन नव्हे. घुमारा, प्रतिध्वनी आणि चालू-बंद करण्याचे एक बटण एवढे असलेले साधे पेडल बहुतेकांना पुरते. विकत घेण्याआधी ते भाड्याने आणून, इअरफोनवर नव्हे तर मोठ्या स्पीकरवर, माइक हातात धरून तपासावे. हार्मनी आणि लूप नंतर. त्यांचा रियाज गाण्याच्या रियाजाइतकाच वेळ खातो. पायाची हालचाल इतकी अंगवळणी पडायला हवी, की गाताना तिचा विचार करावा लागू नये.

आणि साउंड इंजिनीअरला आधी कळवावे : पेडल आहे, दोन वाहिन्या येतील, रिसीव्हर मंचावर लागेल. या तीन ओळींचा निरोप आदल्या दिवशी गेला, तर साउंड चेकमधला बराच वाद वाचतो. पेडलमुळे गायकाच्या हाती नियंत्रण येते हे खरे, पण शेवटच्या रांगेत बसून तो स्वतःला ऐकू शकत नाही. तेथे काय पोहोचते, हे सांगू शकणारा कान मिक्सरपाशीच असतो.